मातीच्या रंगांचा पावडर सेट: रंग एक नंबर, पण माती कुठली तेवढं सांगा

आठ बाटल्यांचा सेट आहे हा. पिवडी (पिवळी माती), लाल गेरू, रॉ सिएना, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, बर्न्ट अंबर (सिएना पिवळट तपकिरी माती, अंबर गडद तपकिरी, रॉ म्हणजे कच्ची आणि बर्न्ट म्हणजे भाजलेली), हिरवी माती आणि एक जांभळट लाल, सोबत डिंकाच्या पाण्याची बाटली आणि घोटायला सपाट तळाचा काचेचा बत्ता. घेण्याआधी मी शोधलं तेव्हा धड रिव्ह्यू कुठेच मिळाला नाही, सगळीकडे "नॅचरल आहे, सुंदर आहे" एवढंच, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

कशासाठी घेतला ते आधी सांगते कारण माझं मत त्यावरच ठरलंय. ओळखीची एक टेकडी रस्त्यासाठी निम्मी कापली गेलीये आणि कापलेल्या बाजूला आतली माती उघडी पडलीये, वर काळपट तपकिरी, मध्ये लाल, खाली पिवळट पांढुरकी. तिची एक चित्रमालिका चाललीये. जमीन बदलतेय हे जमिनीच्याच रंगात दाखवायचं असं डोक्यात होतं. टेकडीवरची माती मी आणतेच, पण सगळ्या छटा तिथे मिळत नाहीत आणि प्रत्येक वेळी माती भिजवा, ढवळा, रेती खाली बसू द्या, वरचं गढूळ पाणी ओतून घ्या, ते निवळलं की गाळ वाळवा, खला, वस्त्रगाळ करा, हे सगळं करण्यात दिवस जातात. तयार पावडर हाताशी असावी म्हणून हा सेट.

तर रंगांबद्दल. पिवडी अप्रतिम आहे, खरंच. पातळ लावली की उजेड आतून येतो आणि जाड लावली की भिंतीसारखी मॅट बसते. ही खरी माती आहे का हे बघायचं असेल तर बाटलीवरचा पिगमेंट कोड (रंगद्रव्याचा ठरलेला क्रमांक) वाचा, पीवाय ४३ म्हणजे नैसर्गिक पिवळी माती आणि पीवाय ४२ म्हणजे कारखान्यात बनवलेला पिवळा आयर्न ऑक्साइड, तसंच लालमध्ये पीआर १०२ नैसर्गिक आणि पीआर १०१ कृत्रिम. या सेटमध्ये पिवडी आणि गेरू दोन्ही नैसर्गिक कोडचे आहेत पण बर्न्ट सिएनावर पीआर १०१ छापलंय आणि वापरताना तो फरक कळतोच. रंग फार गुळगुळीत, फार जोरदार, चिमूटभर घातला तरी बाकीच्यांना गिळून टाकतो. खऱ्या मातीत बारीक-जाड कण मिसळलेले असतात त्यामुळे पाण्यात सोडली की ती कागदाच्या खळग्यांत जाऊन बसते, डाग पडतात, ओघळ दिसतात, आणि मला तेच हवं असतं. कृत्रिम रंग वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, टिकायला तोही पक्का, पण सेटवर "नैसर्गिक माती" लिहिल्यावर आठही बाटल्यांत ती असायला पाहिजे ना.

मग मी बर्न्ट सिएना बाजूला ठेवून पिवडीच भाजली. लोखंडी पळीत थोडी पावडर घ्या (ही पळी परत स्वयंपाकात न्यायची नाही), खिडक्या उघडा आणि तापवत राहा, आधी केशरी आणि मग विटकरी होते, डोळ्यांदेखत. पिवळ्या मातीत गोएथाइट नावाचं लोहखनिज असतं, त्याच्या घडणीतच पाणी असतं, २५० ते ३०० अंश सेल्सियसच्या आसपास ते पाणी निघून जातं आणि उरतं हेमेटाइट, म्हणजे लाल. माझ्या मालिकेतल्या उतरत्या उन्हाच्या सगळ्या जागा या घरी भाजलेल्या लालने केल्यात.

हिरवी माती अनेकांना निराश करेल कारण ती दुबळी आहे, दुसऱ्या रंगात मिसळली की हरवून जाते. पण तो तिचा स्वभावच आहे, सेटचा दोष नाही. मध्ययुगातले इटालियन चित्रकार चेहऱ्याच्या त्वचेखाली हाच हिरवा थर देत आणि वरचा गुलाबी थर विरळ झाल्यामुळे आज त्यातले काही चेहरे हिरवट दिसतात. मी ती झुडपांना नाही, मातीच्या सावल्यांना वापरते. तिथे ती फार मोलाची आहे.

दोन्ही अंबरमध्ये मँगनीज असतं, कोरडी पावडर हाताळताना मास्क लावा, इथे आळस करू नका. बाटल्यांची तोंडं अरुंद आहेत त्यामुळे पावडर काढताना ठोकावं लागतं आणि धूळ उडते, ही मला सेटमधली सगळ्यात चुकीची गोष्ट वाटली. मास्क घाला असं बाटलीवर कुठेही लिहिलेलं नाही!

सोबतचं डिंकाचं पाणी वापरू नका. फार पातळ आहे, रंग वाळला की बोट फिरवल्यावर निघून येतो. अरबी डिंक एक भाग आणि गरम पाणी दोन भाग असं रात्रभर ठेवून गाळून घ्या, त्यात थोडं ग्लिसरीन, म्हणजे रंग तडकत नाही. काचेवर पावडरीचा ढीग करून मध्ये खळगा करा, डिंक घाला आणि बत्त्याने गोल गोल घोटत राहा, खरखर थांबेपर्यंत. बत्ता छान जड आहे, हातात नीट बसतो, सेटच्या बाहेरही आयुष्यभर कामाला येईल.

आता माझी मुख्य तक्रार, रंगाबद्दल नाहीच ती. एकाही बाटलीवर माती कुठून काढली ते लिहिलेलं नाही. विक्रेत्याला विचारलं तर "नैसर्गिक स्रोत" एवढं उत्तर. बदलत्या जमिनीवर काम करणाऱ्याला हे कसं पुरेल? मी एका कापलेल्या टेकडीचं चित्र करतेय आणि हातातली पावडर दुसऱ्या कुठल्या टेकडीला कापून आलीये, तिथे आता काय आहे, खड्डा आहे की परत झाडं आलीत, हे मला माहीत असायलाच हवं. फ्रान्समधल्या रूसियों गावात जुन्या गेरूच्या खाणींच्या कड्यांमधून आज लोक फिरायला जातात, खाणकामानेच तो देखावा घडवलाय. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत साधारण १,००,००० वर्षांपूर्वी माणसांनी गेरू कुटून शिंपल्यांत कालवून ठेवला होता. तेव्हापासून आपण जमीन खणून तिचा रंग करतोय, मग कुठली जमीन हे लिहायला काय हरकत आहे?

आणि हे करून दाखवणारे लोक आहेत. अमेरिकेत ओहायोमध्ये चित्रकार जॉन सॅब्रॉ आणि इंजिनियर गाय रीफ्लर यांनी बंद पडलेल्या कोळसा खाणींतून ओढ्यांत जाणाऱ्या आम्लयुक्त पाण्यातलं लोह वेगळं काढून त्याचे रंग बनवले. खाणीत उघड्या पडलेल्या पायराइटला (लोह आणि गंधकाचं खनिज) हवा-पाणी लागलं की आम्ल आणि लोह पाण्यात उतरतं, ओढा नारिंगी होतो, मासे जगत नाहीत, आणि तोच नारिंगी गाळ वाळवून भाजला की पिगमेंट. गॅम्बलिन या रंग बनवणाऱ्या कंपनीने त्याचे ऑइल कलरही काढले. त्या ट्यूबमधला रंग कुठल्या पाण्यातून आला हे विकत घेणाऱ्याला माहीत असतं आणि त्यामुळे चित्राचा अर्थच बदलतो. डच कलाकार हर्मन डी व्रीस यांनी जगभरच्या माती गोळा करून नुसत्या कागदावर घासल्या, शेजारी शेजारी. मला ती कामं फार जवळची वाटतात, त्यात मातीचा पत्ता हाच विषय आहे.

म्हणून मी आता असं करते, प्रत्येक चित्रात टेकडीची माती पुढे आणि सेटचे रंग फक्त आधाराला, आणि चित्रामागे लिहून ठेवते की कुठला थर कुठल्या जागेचा, बाटलीतल्या रंगापुढे "ठिकाण अज्ञात". तुम्ही स्वतः माती गोळा करणार असाल तर कारखाने, जुन्या खाणी, कचरा डेपो यांच्या जवळची घेऊ नका, शिसं आणि आर्सेनिक असू शकतं. आणि कोणाच्या जमिनीतून घेताय ते विचारून घ्या, मूठभरच पुरते.

घ्यावा का? पावडरपासून रंग घोटायला शिकायचं असेल तर हो, नक्की. आधीपासून करत असाल तर पूर्ण सेट नको, पिवडी, गेरू, रॉ अंबर आणि हिरवी माती सुट्या मागवा, जांभळट लाल मी क्वचितच उघडते. कागद जाड आणि खरखरीत घ्या, आणि फ्रेम करताना चित्र आणि काच यांच्यात माउंटचं (चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीचं) अंतर ठेवाच, नाहीतर रंगाचे कण काचेला लागतात.