गोव्यात फोंड्यातल्या आमच्या डायबेटीस क्लिनिकची माहितीपत्रकं: आईला स्वतः वाचून कळतात

डॉक्टर चांगले आहेत, वेटिंग खूप आहे, गाडी लावायला जागा मिळत नाही, हे सगळं लोकांनी आधीच लिहिलंय. मी फक्त तिथे पेशंटच्या हातात जे कागद देतात त्यांच्याबद्दल लिहितेय कारण त्यावर कोणी बोलतच नाही आणि माझ्या मते त्या क्लिनिकची सगळ्यात चांगली गोष्ट तीच आहे.

आई सत्तरीच्या पुढची, शाळा चौथीपर्यंत पण पेपर रोज वाचते. शुगर जुनी आहे, इन्सुलिन आता सुरू झालं. आधी जिथे दाखवायचो तिथे गुळगुळीत ब्रोशर मिळायचं, अर्धं इंग्रजी आणि उरलेलं मराठी म्हणजे 'रक्तशर्करेचे नियमन' वगैरे, आणि डाएट चार्टमध्ये सकाळी ओट्स दुपारी दोन फुलके. आमच्या घरात दुपारी शीत-कडी म्हणजे भात-आमटी असते, फुलके कोण करणार? आईने तो चार्ट मान ठेवून फ्रीजवर लावला आणि जेवण होतं तसंच चालू राहिलं. यात तिचं काय चुकलं सांगा, त्या कागदात तिचं ताटच नव्हतं.

इथल्या कागदावर ताटाचा मोठा फोटो आहे. अर्ध्या ताटात तांबडी भाजी आणि काकडी, पाव भागात उकड्या तांदळाचं शीत, पाव भागात मासे. सोमवारचं ताट वेगळं काढलंय, त्यात माशांच्या जागी मुगागाठी, म्हणजे मुगाची उसळ. पेजेबद्दल लिहिलंय, पदेराकडचा (पाववाल्याकडचा) पाव सकाळी किती घ्यायचा ते लिहिलंय, चवथीला नेवऱ्या (करंज्या) किती चालतील तेसुद्धा लिहिलंय! ज्याने कोणी हे बनवलं त्याने गोव्यातल्या घरात बसून जेवलेलं आहे हे लगेच कळतं. आईने तो कागद बघितला आणि पहिल्यांदाच स्वतःहून प्रश्न विचारला, म्हणाली मग कडी किती घालायची शितावर.

दुसरं म्हणजे पिवळं कार्ड. शुगर एकदम खाली गेली तर काय करायचं ते त्यावर आहे, पर्समध्ये मावतं. वरती चित्रं, घाम, हाताची थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं. खाली मोठ्या अक्षरात: मीटरवर ७० पेक्षा कमी दिसलं तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, १५ मिनिटं थांबा, परत तपासा, अजून कमी असेल तर परत साखर, बरं वाटल्यावर काहीतरी खा. चॉकलेट नको कारण त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला वेळ लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. संपलं, एवढंच आहे त्यावर. आणि एक बारीक गोष्ट जी मला फार आवडली, कार्डावरचे आकडे इंग्रजी छापलेत कारण मीटरवर ते तसेच दिसतात, घाबरलेल्या माणसाने आकडा नुसता जुळवून बघायचा.

पायांच्या कागदावर फक्त बरोबर काय तेच दाखवलंय, फुली मारलेली चुकीची चित्रं कुठेच नाहीत. सिस्टर म्हणाल्या म्हाताऱ्या माणसांच्या लक्षात चित्र राहतं, फुली राहत नाही, आणि मला ते एकदम पटलं. त्यात रोज आरशात तळवे बघणं आहे, पावसात भिजून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं आहे आणि देवळाच्या अंगणात भर दुपारी अनवाणी चालू नका हेही आहे, कारण पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला एप्रिल-मेमध्ये तापलेल्या फरशीवर भाजलं तरी कळत नाही. आई दर जत्रेला जाणारी, आता दुपारची न जाता संध्याकाळी जाते.

कागद हातात दिला आणि पाठवलं असं तिथे होत नाही. सिस्टर आधी समजावतात, मग उलट विचारतात. आईला विचारलं, "काकी, इन्सुलिनचं नवीन पेन घरी नेऊन कुठे ठेवणार, मला सांगा बघू." आई म्हणाली फ्रीजात वर, बर्फाकडे. सिस्टर ओरडल्या नाहीत की हसल्या नाहीत, "मीच नीट सांगितलं नाही" म्हणून परत चित्र पुढे घेतलं आणि बोट ठेवून दाखवलं, न उघडलेलं पेन खालच्या कप्प्यात, २ ते ८ डिग्री, फ्रीझरमध्ये कधीच नाही कारण गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं, आणि वापरात घेतलेलं पेन बाहेर थंड जागी, बहुतेक पेनं साधारण २८ दिवस चालतात, आपल्या पेनाचं खोक्यावर बघायचं. मग पेनवर स्टिकर लावून उघडल्याची तारीख आईच्याच हातून लिहून घेतली. लाईट गेली किंवा फ्रीज नसला तर पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात डबी कशी ठेवायची त्याचंही चित्र आहे, पावसाळ्यात आमच्याकडे लाईटचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता जे खटकलं ते. इन्सुलिन टोचण्याचा कागद बाकीच्यांसारखा नाही, सगळं एकाच पानात कोंबलंय, अक्षर बारीक, ओळी इतक्या जवळ की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो. कागद पण चकचकीत, ट्यूबलाईटखाली तिरका धरावा लागतो. पोटावर जागा रोज बदलायची हे सगळ्यात महत्त्वाचं आणि ते पार शेवटी! याची दोन पानं करा, साधा मॅट कागद वापरा, आईला भिंग घ्यावं लागतं. व्हॉट्सॲपवर पाठवतात तो फोटो असतो, मोठा केला की फुटतो, पीडीएफ पाठवायला काय हरकत आहे. कुठल्याच कागदावर छापल्याची तारीख नाही, त्यामुळे घरात जुना आणि नवा दोन्ही असले तर कुठला खरा ते कळत नाही.

आणि रोमी कोकणीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, फक्त पिवळं कार्डच आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्यातली कोकणी देवनागरीतली, म्हणून कागद छापताना बहुतेक रोमीचा विचारच होत नाही. पण आमच्या शेजारच्या मावशी चर्चमधली प्रार्थना रोमीत वाचतात, देवनागरी त्यांना येत नाही आणि पायांचा कागद त्यांना नातू वाचून दाखवतो. पाय त्यांचेही तेच, जखम त्यांनाही तशीच होणार. बांधकामावरची कन्नड आणि हिंदी बोलणारी माणसं पण तिथे रांगेत असतात, त्यांच्यासाठी निदान चित्रांचा कागद तरी वेगळा काढायला हवा. मी काउंटरवर हे लिहून दिलंय, बघूया.

शनिवारी गर्दीत सिस्टरना बसून समजवायला वेळ मिळत नाही, कागद नुसते फाईलला लावून देतात, म्हणून पहिल्यांदा जाणार असाल तर मधल्या वारी सकाळी जा आणि घरात जो स्वयंपाक करतो त्याला बरोबर न्या. पिवळं कार्ड मागितलं तर जास्तीचं देतात, पैसे घेत नाहीत, एक घरात आणि एक गाडीत ठेवा.