स्वतःच्या कर्नलसाठी इनिट्रॅमएफएस: इनिट्रॅमएफएस-टूल्स, ड्रॅकट की हाताने रचलेली इमेज?

स्वतः कंपाइल केलेला लिनक्स कर्नल मूळ फाइल सिस्टिमपर्यंत पोहोचावा, यासाठी इनिट्रॅमएफएस, म्हणजे बूट होताना मेमरीत चढवली जाणारी छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम, असते; तिच्या फाइलला इमेज म्हणतात. त्यामुळे साधन निवडण्याआधी ती मुळात लागते का, हे तपासावे. डिस्कचा ड्रायव्हर आणि फाइल सिस्टिम कर्नलमध्येच बिल्ट-इन असेल आणि बूट पॅरामीटरमध्ये पार्टिशनचा पार्टयूयूआयडी (पार्टिशन टेबलमधला ओळख क्रमांक) दिला असेल, तर तिच्यावाचून भागते. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी (फाइल सिस्टिमच्या आत नोंदलेला ओळख क्रमांक) मात्र कर्नलला स्वतःहून शोधता येत नाही, आणि लक्स (डिस्कचे एन्क्रिप्शन) किंवा एलव्हीएम (डिस्कच्या जागेची लवचीक विभागणी) असल्यास यूजरस्पेसमधील, म्हणजे कर्नलबाहेर चालणारी, साधने लागतातच.

डेबियनमधील इनिट्रॅमएफएस-टूल्स हा शेल स्क्रिप्ट आणि बिझीबॉक्स (अनेक मूलभूत आज्ञा एकाच छोट्या प्रोग्रॅममध्ये देणारे साधन) यांवर उभा असलेला संच आहे. बूट अडकले तर कोणती स्क्रिप्ट कुठे थांबली, हे साधारण शेल जाणणाऱ्यालाही वाचून कळते, आणि वारंवार कर्नल बदलणाऱ्याच्या दृष्टीने मी या गुणाला सर्वाधिक महत्त्व देतो. फेडोराने 2009 साली 12व्या आवृत्तीपासून स्वीकारलेला ड्रॅकट हे इमेज बनवणारे दुसरे साधन; ते यूडेव्हच्या, म्हणजे उपकरणे सापडताच सूचना देणाऱ्या यंत्रणेच्या, घटनांवर चालते. त्याची रचना समजायला वेळ लागतो, परंतु मूळ फाइल सिस्टिम एनएफएस किंवा आयस्कझीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठ्यावर, असेल, तर मी त्यालाच पसंती देईन.

इमेज लहान ठेवण्यासाठी दोन्ही साधने फक्त चालू यंत्राला लागणारे ड्रायव्हर घेऊ शकतात: ड्रॅकटमध्ये त्यासाठी होस्टओन्ली हा पर्याय आहे, तर इनिट्रॅमएफएस-टूल्समध्ये ‘मॉड्यूल्स’ या सेटिंगचे मूल्य ‘मोस्ट’ऐवजी ‘डेप’ करावे लागते. हा अंदाज समोरच्या यंत्रावरून बांधला जात असल्यामुळे, कर्नल एका यंत्रावर बांधून दुसऱ्यावर चालवणाऱ्याने सर्वसमावेशक इमेजच बनवावी. इमेज अवाढव्य झाली, तर साधनाला दोष देण्याआधी मॉड्यूलमधली (कर्नलच्या वेगळ्या चढवता येणाऱ्या भागांमधली) डीबग माहिती, म्हणजे दोष शोधण्यापुरती लागणारी माहिती, पाहावी. मॉड्यूल स्थापित करताना ती काढून टाकणारा स्ट्रिपचा पर्याय दिला की आकार कितीतरी पटींनी उतरतो. झेडस्टँडर्ड या पद्धतीने आकुंचित केलेली इमेज उलगडण्याची सोय कर्नलमध्ये 5.9 आवृत्तीपासून आहे, पण तुमच्या कॉन्फिगमध्ये तो पर्याय बंद असेल, तर कोणत्याही साधनाने बनवलेली अशी इमेज निरुपयोगी ठरते.

स्टॅटिक (बाहेरच्या लायब्ररींवाचून चालणारा) बिझीबॉक्स, सर्वांत आधी चालणारी एक छोटी इनिट स्क्रिप्ट आणि अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या सीपीआयओचे ‘न्यूसी’ स्वरूप एवढ्यावर हाताने इमेज रचता येते. ती कर्नलमध्येच अंतर्भूत केली, तर बूटलोडरला (कर्नल मेमरीत चढवणाऱ्या प्रोग्रॅमला) एकच फाइल सांभाळावी लागते. एम्बेडेड यंत्रांसाठी ही मोठी सोय आहे. मात्र स्क्रिप्टमधील एक ओळ बदलली तरी कर्नलची फाइल पुन्हा बांधावी लागते, म्हणून प्रयोग चालू असेपर्यंत इमेज वेगळी ठेवावी आणि रचना स्थिरावल्यावरच ती आत घ्यावी.