अ‍ॅलिस स्प्रिंग्स ते उलुरू, तीन दिवसांची छोट्या ग्रुपची टूर

आम्ही सोळा जण, एक मिनीबस, आणि गाईडच ड्रायव्हर, तोच स्वयंपाकीपण. अ‍ॅलिस स्प्रिंग्स या ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या गावापासून उलुरू, म्हणजे तो प्रसिद्ध भलामोठा लाल खडक, साधारण ४५० किमी आहे, लोकांना वाटतं जवळच असेल, तर तसं अजिबात नाहीये. रात्री स्वॅगमध्ये झोपलो, म्हणजे जाड कॅनव्हासची गादीसकट पिशवीच, उघड्यावर, आणि वर इतके तारे की मी कितीतरी वेळ डोळेच मिटले नाहीत. जुलैत पहाटे गारठा भयंकर असतो, कानटोपी न्याच.

उलुरूवर चढणं ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे आणि ते योग्यच झालं, अनंगू म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांसाठी ती पवित्र जागा आहे. पायथ्याभोवती १० किमी चालत फिरा, खडकावर हात ठेवला की खरखरीत, गंजल्यासारखा पोत लागतो. किंग्ज कॅन्यन या खोल दरीच्या वाटेवरची सुरुवातीची चढण दमवते, पण वरून जे दिसतं त्याला तोड नाही.

तक्रार एकच, आम्ही शाकाहारी आहोत हे बुकिंग करतानाच सांगितलं होतं तरी पहिल्या रात्री नुसतं सॅलड आणि ब्रेड मिळालं, नंतर गाईडने चुलीवर राजमा करून दिला बिचाऱ्याने. माश्यांसाठी तोंडावरची जाळी अ‍ॅलिसमध्येच घ्या.