ट्रान्सफर केस गेला म्हणून ७८ हजार घेतले, गेले होते फक्त टायर

नागपुरात कोणाकडे ऑल व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर जरा पूर्ण वाचा, लांब होईल. गॅरेजचं नाव लिहीत नाही कारण कंप्लेंट चालू आहे, गाडीच्या कंपनीचं पण नाही कारण यात गाडीचा काही दोषच नव्हता.

गाडी सेकंडहँड घेतलेली. पेंचहून परत येताना मनसरजवळ पुढचा एक टायर साइडवॉलमधून फाटला. टायरवाला म्हणे समोरचे दोन्ही नवीन टाका, मागचे अजून आरामात चालतात. टाकले. त्यानंतर आठवडाभरातच झटके सुरू झाले. सरळ रोडवर काही नाही, वर्धा रोडला ८० वर एकदम मक्खन, पण घरी फुल स्टेअरिंग कापून पार्किंगमध्ये घेतली की खालून कोणी गाडी धरून ठेवल्यासारखं, गुर्रर्र आणि मग एक दणका. टायर बदलले आणि झटके आले या दोन गोष्टी माझ्या डोक्यात जुळल्याच नाहीत, हे आधीच कबूल करतो.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली, गाडी लिफ्टवर घेतली, ट्रान्सफर केसचा (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा डबा) खालचा ऑइल काढायचा ड्रेन प्लग खोलला आणि बोटावर काळपट पेस्ट घेऊन माझ्या नाकासमोर धरली. "हे पाहा भाऊ, आतून गिअर खाऊन राहिली गाडी. आज नाही तर उद्या फॅमिलीला घेऊन रोडवर उभे राहाल." फॅमिली म्हटल्यावर माणूस घाबरतोच. नवीन केस परवडणार नाही म्हणे, दिल्लीहून रिकंडिशन मागवतो, ७८ हजारात फिटिंगसकट. वीस यूपीआयने दिले, ५८ कॅश, कारण कॅशमध्ये दिले तर जीएसटी वाचेल म्हणाला आणि माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. बिल म्हणजे एक चिठ्ठी, त्यावर "गाडी काम" आणि आकडा. बस.

नवव्या दिवशी गाडी मिळाली. खाली वाकून पाहिलं तर केस चांदीसारखा चमकून राहिला होता, मी खूश. जुना केस मागितला तर म्हणे तो एक्सचेंजमध्ये गेला. तीन आठवडे झटके बरेच कमी होते, मग परत तेच. फोन केला तर आधी "नवीन माल टाइट असतो, रनिंग होऊ द्या", नंतर "गॅरंटी गिअरची आहे, क्लचची नाही", त्यानंतर फोनच बंद.

ऑफिसमधल्या एकाने वाडीतल्या एका मिस्त्रीकडे पाठवलं, वयस्कर माणूस, जास्त करून ट्रकचंच काम करतो. त्याने पाना हातात घेतलाच नाही, पोऱ्याला म्हणाला शिंप्याचा टेप आण बे. मला वाटलं मजाक करून राहिला. चारही टायरचा घेर मोजला. समोरचे नवे, नक्षी ८ मिमी, मागचे ३ वर आलेले, घेरात तीन सेंटीमीटरच्या वर फरक. त्याने हिशोब मांडला, मी घरी येऊन परत मांडला, बरोबर निघाला: साधारण ३५० मिमी रेडियसचा टायर एका किलोमीटरला ४५५ फेरे घेतो आणि ५ मिमी झिजलेला ४६१, म्हणजे मागची चाकं किलोमीटरमागे सहा फेरे जास्त फिरतात. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं मागची चाकं स्लिप होऊन राहिली, म्हणून तो ट्रान्सफर केसमधला क्लच दाबत राहतो. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांचा वेग वेगळा असायलाच पाहिजे, क्लचने दोघांना एकत्र बांधलं की टायर घासतो आणि दणका बसतो. त्यात आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं होतं देव जाणे. नवीन ऑइलने क्लच थोडा मऊ धरतो, ते तीन आठवडे त्यातच गेले.

मग त्याने क्लचच्या मोटरचं कनेक्टर काढलं आणि मोकळ्या प्लॉटवर तशीच फुल टर्नमध्ये फिरवली. एकदम शांत, डॅशबोर्डवर फक्त वॉर्निंग लाइट. म्हणे सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा) गेला असता तर वायर काढूनही कट कट आली असती, बेअरिंग गेलं असतं तर सरळ रोडवर स्पीडला आवाज आला असता, आणि केसमधली चेन ढिली असती तर जोरात रेस दिल्यावर उडाली असती. तुझ्या गाडीत यातलं काहीच नाही. (ही टेस्ट घरी करू नका, प्रत्येक गाडीची सिस्टिम वेगळी असते.) आणि ती काळी पेस्ट? ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर बारीक पावडर जमतेच, नॉर्मल आहे. हाताला टोचणारे तुकडे, चकत्या निघाल्या तर घाबरायचं.

आता खरी गोष्ट. गाडी घेण्याआधी मी ती लिफ्टवर चढवून खालून दहा-बारा फोटो काढले होते, त्यात ट्रान्सफर केसची नंबरपट्टी साफ दिसते. मिस्त्रीने थिनरच्या कपड्याने चांदी पुसली. तोच नंबर. नऊ दिवसांत गॅरेजवाल्याने माझ्याच केसला रंग मारला आणि ऑइल बदललं, ७८ हजारात. दिल्लीला काही गेलं नाही आणि दिल्लीहून काही आलं नाही. मी तिथे उभा राहून हसलो, दुसरं काय करणार.

मागचे दोन टायर समोरच्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे टाकले, झटके त्याच दिवशी बंद. मिस्त्रीने ऑइलही मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच टाकलं, एक लिटरसुद्धा लागलं नाही, आणि जुनं काढण्याआधी वरचा फिलर प्लग खुलतो का ते पाहिलं. तो जाम असला आणि खालून ऑइल काढून बसलात तर भरणार कुठून?

१९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार टाकली आहे. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, पण माझ्याकडे पुरावा म्हणून काय तर वीस हजारांचा यूपीआय, नंबरपट्टीचे दोन फोटो आणि "गाडी काम" लिहिलेली ती चिठ्ठी. वकील म्हणाला ५८ हजार कॅश दिल्याचं दाखवणं कठीण जाईल. जीएसटी मात्र वाचला.