ऑस्लो ईडीयू: आठ महिने वापरल्यानंतर

टेलिस्कोपचे आरसे मी घरी घासत आलो आहे. या वर्षी भिंगांची दुर्बीण करायची ठरवली: 50 मिमी व्यास, 500 मिमी फोकल लेंथ, दोन काचा चिकटवलेला अ‍ॅक्रोमॅट, म्हणजे रंगदोष कमी करणारं जोडभिंग. त्यासाठी ऑस्लो या भिंगांची रचना करायच्या सॉफ्टवेअरची मोफत शैक्षणिक आवृत्ती (ईडीयू) उतरवून घेतली. ती विंडोजवर चालते आणि तिच्यात भिंगांच्या दहा पृष्ठभागांची मर्यादा आहे. डबल गाऊस ही जास्त भिंगांची कॅमेरा रचना त्यात मावत नाही, पण सोबत येणारी कुक ट्रिपलेटची (तीन भिंगांच्या रचनेची) फाइल आरामात बसते. शिकायला मला तेवढं पुरलं.

पहिला महिना वाया गेला तो चिन्हांच्या गोंधळात. कागदावर हिशेब नीट केला होता. बीके7 या क्राऊन काचेचा अ‍ॅबे अंक (काच रंग किती कमी फाकवते तो आकडा) 64.17, एफ2 या फ्लिंट काचेचा 36.37, त्यावरून क्राऊनची फोकल लेंथ सुमारे 217 आणि फ्लिंटची उणे 382. क्राऊन दोन्हीकडून सारखी फुगीर धरली तर त्रिज्या 224 येते आणि फ्लिंटची मागची बाजू जवळजवळ सपाट. आकडे टाकले, तर फोकल लेंथ 500ऐवजी 340च्या आसपास! दोन दिवस काचांचे अपवर्तनांक तपासत बसलो. शेवटी भिंगाचं चित्र निरखून पाहिलं, तेव्हा कळलं की क्राऊन फुगलेली नाही, वाटीसारखी वाकली आहे. वक्रतेचं केंद्र पृष्ठभागाच्या डावीकडे असेल तर त्रिज्या उणे लिहायची, आणि मी दुसरी त्रिज्या अधिक लिहिली होती. तेव्हापासून आधी चित्र बघतो, मग आकडे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्लायडर. एक त्रिज्या स्लायडरला जोडायची आणि माउसने हलवायची. किरणांचे आलेख डोळ्यांदेखत वळतात, सरळ होतात, पुन्हा उलटे वळतात. भिंग 'वाकवल्याने', म्हणजे त्रिज्या बदलल्याने, गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण एकाच बिंदूत न मिळणं) कसं बदलतं हे पुस्तकात कितीदा वाचलं होतं, पण ते उमगलं इथे. आणि बीके7च्या एकट्या भिंगात लाल आणि निळ्या फोकसमध्ये पडणारं 7.8 मिमीचं अंतर दुसरी काच जोडताच मिटतं, मागे हिरव्या फोकसशी फक्त पाव मिलिमीटरच्या आसपास फरक शिल्लक राहतो, ते बघताना खरंच अंगावर काटा आला.

आपोआप आकडे सुधारणाऱ्या ऑप्टिमायझरवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. ट्रिपलेटमध्ये मी जाडीसुद्धा मोकळी सोडली. स्पॉट डायग्राम (किरण फोकसवर कुठे पडतात त्या ठिपक्यांचं चित्र) सुरेख आला, पण कडेला भिंगाचे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना छेदून गेले होते. असं भिंग घासताच येत नाही. किमान जाडी आपणच बांधून द्यावी लागते. सुरुवातीची रचना चुकीची असेल तर ऑप्टिमायझर जवळच्याच खड्ड्यात, म्हणजे जवळच्या पण सर्वोत्तम नसलेल्या उत्तरात, जाऊन बसतो, म्हणून कागदावरचा हिशेब टाळू नये.

खरा धडा मिळाला काच घासणाऱ्या कारखान्यात. मी 224.3 त्रिज्येचं ड्रॉइंग घेऊन गेलो, तर तिथल्या काकांनी विचारलं, "याची टेस्ट प्लेट कुठंय? नवी करायची तर भिंगापेक्षा तीच महाग पडेल." टेस्ट प्लेट म्हणजे घासलेल्या भिंगाची वक्रता पडताळायची नमुना काच. त्यांच्याकडच्या प्लेटांची यादी घेऊन घरी आलो, जवळची त्रिज्या कायम केली आणि उरलेल्या दोन पुन्हा जुळवल्या. फोकल लेंथ जराशी सरकली, पण मध्यावरचे हिरव्या किरणांचे ठिपके 7 मायक्रॉन त्रिज्येच्या एअरी वर्तुळातच (निर्दोष भिंगही प्रकाशाचा जेवढा ठिपका पाडतं त्यातच) राहिले. नवीन ड्रॉइंग काकांनी ठेवून घेतलं आहे.