किरकोळ धडक, खिशातून की विम्यातून? दोन्ही करून पाहिल्यानंतरचा अनुभव

एकाच गाडीच्या दोन दुरुस्त्या दोन वेगळ्या वाटांनी केल्या. मागचं डावं दार स्वतःच्या खिशातून, मागचा बंपर विम्यातून. दोन्हींना आता बरेच महिने झालेत. गाडी गॅरेजमधून बाहेर येते त्या दिवशी सगळंच चकाचक दिसतं. काम कसं झालंय ते ऊन, पाऊस आणि कित्येक धुलाया सोसल्यावरच कळतं, म्हणून मुद्दाम थांबून लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. बहुतेक जण बिलाचा अंदाज विचारतात आणि त्या आकड्यावरून ठरवतात. त्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात: दिसणाऱ्या पोच्याच्या मागे काय आहे, आणि त्या धडकेत दुसरा माणूस आहे का. या दोन्हींची उत्तरं मिळाली की बिलाचा आकडा बघायचा.

दाराचं आधी. पार्किंगमध्ये भावाच्या हातून गाडी खांबाला घासली. हँडलखाली तळहाताएवढा पोचा आणि खालून लांबच लांब चरा. दुसरी गाडी नाही, कोणाला लागलेलं नाही. दार नेहमीसारखं लागत होतं, चारही बाजूंच्या फटी सारख्या होत्या, काच वरखाली होत होती. तरी दाराचं आतलं पॅनल काढायला लावलं. आत आडवा लोखंडी बार असतो, बाजूने धडक बसली तर बसलेल्याला वाचवणारा. तो सरळ होता. म्हणजे नुकसान पत्र्यापुरतं आणि रंगापुरतंच. इथे खिशातून करायचं ठरवलं ते हिशोब मांडून.

भारतातल्या पॉलिसीत क्लेम न केल्याबद्दलची सूट पहिल्या वर्षानंतर २० टक्के मिळते, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. ती फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. आता ५० टक्क्यांवर पोचलेल्या माणसाने एक क्लेम केला की तो थेट शून्यावर येतो. मूळ हप्ता १०० धरा. क्लेम नसता तर दरवर्षी ५० भरले असते. क्लेमनंतर मात्र १००, ८०, ७५, ६५, ५५ भरत सहाव्या वर्षी पुन्हा ५० वर यायचं. जास्तीचे किती गेले? ५०, ३०, २५, १५ आणि ५ मिळून १२५. मूळ हप्त्याची सव्वापट रक्कम पाच वर्षांत हळूहळू खिशातून जाते आणि तिचं बिल कुणी हातात देत नाही. (गाडीची विम्यातली किंमत दरवर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी येईल. आणि ही सूट वाचवणारं जोडकव्हर घेतलं असेल तर हे गणितच बदलतं.) त्यात प्रत्येक क्लेमला आपल्यावर पडणारी ठरावीक रक्कम मिळवा. घसारा माफ करणारं कव्हर नसेल तर प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या भागांची निम्मी किंमतही आपल्याच गळ्यात येते.

हे गणित देशागणिक बदलतं. फ्रान्समध्ये हप्त्याला एक गुणक असतो. विनाअपघात वर्षाला तो ०.९५ ने गुणला जातो, चूक आपली असलेल्या अपघाताला १.२५ ने. समोरच्याचीच पूर्ण चूक असेल तर त्याला धक्का लागत नाही. शिवाय सर्वांत कमी गुणकावर म्हणजे ०.५० वर तीन वर्षं टिकलेल्या चालकाला पहिला अपघात माफ असतो. तोच पोचा एका ठिकाणी खिशातून भरणं शहाणपणाचं ठरतं आणि दुसरीकडे विनाकारण पदरमोड. म्हणून मित्राने काय केलं ते विचारण्यापेक्षा आपली पॉलिसी उघडून बसा आणि पुढच्या पाच वर्षांचे हप्ते कागदावर मांडा.

दाराचं काम आता कसं आहे? रंग उत्तम जुळलाय. भर उन्हात, ढगाळ हवेत, रात्री दिव्याखाली, सगळीकडे बघितलं. त्यामागे कारण आहे. मेटॅलिक रंगात धातूचे बारीक कण असतात आणि फवारताना ते कसे पडतात त्यावर छटा ठरते. रंगाचा कोड बरोबर असूनही शेजारचा पत्रा वेगळा दिसू शकतो. चांगला पेंटर नवा रंग शेजारच्या भागावर विरळ करत नेतो आणि वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, पूर्ण भागावर मारतो. हे काम वाढवतं, बिलही वाढवतं, पण मी ते कोटेशनमध्येच लिहून घेतलं होतं. सोबत पुट्टी किती भरणार, रंग बंद बूथमध्ये भाजणार (गरम हवेत वाळवणार) का, तेही लिहून घेतलं. गॅरेजचा रंग साधारण ६० अंशांवर भाजतात. उघड्यावर मारला तर धूळ बसते आणि बोट फिरवलं की बारीक खडे लागतात.

एक खोट मात्र निघाली. काचेखालच्या रबरी पट्टीला लागून क्लिअर कोटची कड उचलली गेली. आधी नखाएवढी, मग बोटभर लांब, कडेला पांढुरकी. पट्टी न काढता तिच्यावर नुसती टेप लावून रंग मारला की असं होतं: रंगाची कड तिथेच संपते, पाणी आत शिरतं आणि थर सुटत जातो. गॅरेजवाल्याने पट्टी काढून तेवढं काम पुन्हा करून दिलं, एक पैसाही न घेता, कारण रंगाची हमी बिलावर लिहिलेली होती. तोंडी हमीवर मला काहीच मागता आलं नसतं. काम ताब्यात घेताना पट्ट्या, हँडल आणि दिव्यांच्या कडा बघाच. मधला पत्रा सगळेच गुळगुळीत करतात.

आता बंपर. सिग्नलला थांबलो होतो, मागून गाडी आदळली. वेग कमीच होता. बंपर आत गेला आणि लगेच बाहेरही आला. हल्लीचं बंपरचं आवरण लवचीक प्लॅस्टिकचं असतं, ते दबून परत जागेवर येतं. बाहेरून दिसत होते ते दोन ओरखडे आणि नंबरप्लेटच्या स्क्रूचा ठसा. मागचे गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, "साहेब, क्लेमच्या भानगडीत कशाला पडता, पॉलिश करून घ्या, खर्च मी आत्ताच देतो." मी म्हटलं, "काका, तुमची तयारी आहे हे चांगलंच आहे. पण बंपर उघडल्याशिवाय मलाच माहीत नाही किती लागलंय." दोघांनी एकमेकांच्या परवान्यांचे, पॉलिसीचे आणि गाड्यांचे फोटो काढले. घरी आल्यावर लगेच विमा कंपनीला कळवलं. बहुतेक पॉलिसींत अपघात झाल्याचं लवकर कळवण्याची अट असते, क्लेम करा वा नका करू. नुसतं कळवणं वेगळं आणि क्लेम टाकणं वेगळं. पण नोंद कशी होते ते आपल्या कंपनीला आधी विचारून ठेवावं.

बंपर उतरवला तेव्हा मी शेजारी उभा होतो. आतला फोम उभा चिरलेला. त्यामागच्या आडव्या बीमचा डाव्या टोकाचा आधार चुरगळलेला, आणि एका सेन्सरची कडी तुटलेली. हे आधार चुरगळण्यासाठीच बनवलेले असतात. कमी वेगाच्या धडकेत त्यांनी मार खावा आणि मागची चौकट वाचावी, हा हेतू. विमा क्षेत्रातल्या संशोधन केंद्रांची आरसीएआर ही संघटना गाड्यांची दुरुस्ती किती स्वस्तात होते ते तपासायला ताशी १५ किलोमीटरच्या वेगाने धडक देऊन बघते. इतक्या वेगातही आत बरंच काही होऊ शकतं. एकदा चुरगळलेला आधार पुढच्या वेळी तो मार खाऊ शकत नाही. पॉलिश करून घेतलं असतं तर गाडी दिसायला नवी आणि मागून उघडी पडलेली, अशी मी चालवत राहिलो असतो. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गाडीच्या मागच्या सीटवर घरातली माणसं बसतात.

जागेवर पैसे घेऊन मिटवायला माझा विरोध आहे तो आणखी एका कारणाने. मान आखडणं, मुंग्या येणं ही लक्षणं कधीकधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतात. "सगळं मिटलं" म्हणून सही केली आणि नंतर कोणाला त्रास झाला तर दोन्ही बाजू अडचणीत येतात. पैसे देणाऱ्यालाही हेच लागू आहे: आज रोख दिले आणि उद्या समोरच्याने वेगळीच मागणी केली तर हातात काय पुरावा आहे? अगदी मिटवायचंच असेल तर तारीख, दोन्ही गाड्यांचे क्रमांक, नुकसानीचं वर्णन आणि रक्कम कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात, तेही बंपर उघडून बघितल्यानंतर.

क्लेमची प्रक्रिया सुखाची होती असं म्हणणार नाही. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्या माणसाने, आधी बाहेरून फोटो काढले आणि फक्त आवरणाच्या रंगकामाला मंजुरी दिली. आतलं नुकसान दिसल्यावर काम थांबवून दुसरी पाहणी मागावी लागली. ती व्हायला वेळ गेला. इथे घाई करू नका. पाहणीआधी भाग बदलला की पुरावा गेला. जुने भागही पाहणी पूर्ण होईपर्यंत राखून ठेवायला सांगा. गॅरेजचा कल आवरणाला पुट्टी भरून तेच रंगवण्याकडे होता. माझ्या गाडीत बंपरच्या कोपऱ्यांमागे रडार आहेत, बाजूची गाडी दिसत नसेल तर इशारा देणारे. त्यांच्यासमोर पुट्टी किंवा रंगाचे जाड थर आले की लहरींना अडथळा होतो, आणि अशा जागी पुट्टी वापरू नये असं बऱ्याच कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत असतं. माझ्या गाडीच्या पुस्तिकेतलं ते पान दाखवल्यावर नवं आवरण मंजूर झालं. रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते पुन्हा अचूक जुळवणं, बिलात स्वतंत्र ओळ म्हणून घालून घेतलं. तेव्हापासून आजवर एकदाही खोटा इशारा नाही, मागे घेताना सेन्सर नीट वाजतात, बंपर आणि मागच्या दाराची फट दोन्हीकडे सारखी आहे. इतकं काम खिशातून करायला गेलो असतो तर कॅलिब्रेशन नक्कीच काटछाटीत गेलं असतं.

रंग न तुटलेला, कडा न पडलेला साधा पोचा असेल तर रंगाला हात न लावता मागून दाबून काढणारे कारागीर मिळतात. मूळ रंग राहतो, हे त्याचं मोठं मोल. फक्त मागून हत्यार पोचायला हवं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ते जास्त अवघड जातं.

दोन्ही कामांची बिलं, आधीचे आणि उघडल्यानंतरचे फोटो, हमीचे कागद एका फाइलमध्ये ठेवलेत. गाडी विकायला काढली की हे लागणार. घेणारा रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन येतो. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनच्या दरम्यान भरतो आणि पुन्हा रंगवलेलं दार लगेच वेगळं उठून दिसतं. तेव्हा बिल दाखवलं की दारात किती पुट्टी आहे यावरून वाद होत नाही. आणि नूतनीकरणाला कंपनी बदलणार असाल तर झालेला क्लेम फॉर्मवर लिहा. जुन्या कंपनीकडून तो पडताळला जातो, आणि सूट खोटी मागितल्याचं आढळलं तर पुढच्या मोठ्या अपघाताचा क्लेम नाकारायला नव्या कंपनीला तेवढं कारण पुरतं.