पाय टेकतात म्हणून बाईक घेताय? आधी ती खालून बघा, माझी फसवणूक कशी झाली ते सांगते

पहिली बाईक घ्यायचा विचार असेल आणि त्यातही सेकंड हॅन्ड बघत असाल तर हे पूर्ण वाचा, मोठं झालंय पण वाचा. मला विकणाऱ्याने नुसती खराब गाडी दिली असं नाहीये, जी गाडी नवीन माणसाने हातातच घेऊ नये ती माझ्या मापाची वाटावी म्हणून त्याने आधी तिच्यात खोलून बदल केले होते आणि मग मला तिच्यावर बसवलं. नंतर ज्या मेकॅनिकने गाडी खोलली तो म्हणाला, असं काम त्याच्याकडे आधीही आलेलं आहे आणि घेणारा दरवेळी नवीनच असतो.

मी बघायला गेले होते साधी सिंगल सिलिंडर, २०० ते ३०० सीसीच्या मधली. लायसन्स नुकतंच मिळालेलं, शिकले ते १२५ वर. त्याच्याकडे तशा गाड्या उभ्या होत्या, पण तो मला तिकडे नेईचना. "मॅडम ती घ्याल आणि सहा महिन्यात कंटाळाल, मग परत विका परत घ्या, त्यापेक्षा एकदाच मोठी घ्या", हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, लक्षात ठेवा. आणि मग त्याने ६०० सीसीची चार सिलिंडरवाली स्पोर्ट बाईक पुढे केली. मी म्हटलं उंच आहे, तर म्हणाला बसून तर बघा. बसले आणि दोन्ही पाय टाचेसकट जमिनीला. नवीन चालवणाऱ्याची सगळ्यात मोठी भीती म्हणजे थांबल्यावर पाय पुरतील का, ती एकदा गेली की अर्धी गाडी विकली गेली, हे त्याला पक्कं माहीत होतं.

आता खरं काय ते ऐका. अशा गाड्यांची सीट कंपनीतून येताना साधारण ८२० ते ८५० मिलिमीटर उंच असते. मागच्या शॉकअपला जोडलेल्या लिंकच्या दोन पट्ट्या असतात, त्या बदलून लांब पट्ट्या टाकल्या की गाडीची मागची बाजू खाली बसते. माझ्या गाडीला ज्या पट्ट्या निघाल्या त्या कुठल्याही कंपनीच्या नव्हत्या, लोखंडी पट्टी कापून घरीच केलेल्या, कडा घासलेल्यासुद्धा नाहीत, ड्रिलची भोकं, आणि त्यातलं एक भोक बोल्टच्या हलण्याने लांबट झालेलं. सीटखालचा फोम कापून पातळ केलेला आणि वरून कव्हर परत स्टेपल केलेलं. अख्ख्या गाडीचं मागचं वजन ज्या पट्टीवर येतं ती अशी! मेकॅनिकने ती माझ्या हातात दिली तेव्हा मला घामच फुटला, कारण मी त्याच गाडीवर हायवेला जाऊन आले होते.

गाडी खाली करणं हेच चूक आहे असं माझं म्हणणं नाही हं. नीट करणारे लोक चांगल्या लिंक टाकतात, त्याच्या हिशोबाने पुढचे फोर्कही, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, क्लॅम्पमध्ये वर सरकवून पुढची बाजू खाली घेतात आणि साईड स्टँडही आखूड करतात. इथे फक्त मागचं खाली केलं होतं. त्याने काय होतं तर पुढच्या फोर्कचा कोन बदलतो, गाडी वळायला जड आणि सुस्त होते, हेडलाईट वर बघायला लागतो, खड्ड्यात मागचं टायर आत मडगार्डला घासतं. आणि साईड स्टँड तेवढाच लांब राहिल्यामुळे गाडी डावीकडे हवी तेवढी झुकत नाही, जवळजवळ सरळ उभी राहते. माझी गाडी अशीच स्टँडवर उभी असताना जरासा धक्का लागून उजवीकडे आडवी झाली, माझा पाय थोडक्यात वाचला. १९० किलोच्या आसपास वजन असतं हो, एकटीला उचलता येत नाही.

गाडी पडल्यावर आतेभाऊ आला, तो कित्येक वर्ष चालवतोय, त्याने लांबूनच बघून सांगितलं की ही मागून बसलेली आहे, आणि तिथून मेकॅनिककडे. मग एकेक बाहेर यायला लागलं.

विकणारा म्हणाला होता की हिची पॉवर कमी करून घेतलीय, खास नवशिक्यांसाठी. असं खरंच करता येतं, थ्रॉटल पूर्ण उघडू नये म्हणून स्टॉप लावतात किंवा ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरमध्ये, सेटिंग बदलतात, आणि ज्याने ते काम केलं त्याचा कागद असतो. माझ्या गाडीत तसलं काहीच निघालं नाही. शिवाय नंतर मला कळलं की युरोपात मधल्या ए२ लायसन्सला ३५ किलोवॅट म्हणजे साधारण ४७ हॉर्सपॉवरची मर्यादा आहे, आणि पॉवर कमी करून चालवायची असेल तरी मूळ गाडी ७० किलोवॅटच्या वरची चालत नाही. ही ६०० ची स्पोर्ट बाईक ८० किलोवॅटच्या वर जाते, म्हणजे तिकडच्या नियमाने कमी करूनसुद्धा ती ए२ लायसन्सवर चालवता आली नसती! या गाड्यांचा पहिला गिअरच इतका लांब असतो की त्यातच ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाते, त्यामुळे गर्दीत हळू चालवायची म्हणजे सतत अर्धा क्लच, हँडल खाली आणि वळतं कमी, यू टर्न घेताना मनगटं भरून येतात. मला वाटायचं मलाच जमत नाहीये. तसं नव्हतं, गाडीच त्या कामाची नाही.

अजून एक. ट्रायल त्याने दिली ती स्वतः चालवून, मला मागे बसवून, कारण काय तर "तुमच्या हातून पडली तर कोण भरणार". मागे बसलेल्या माणसाला कळणार काय? हँडल मधोमध आल्यावर किंचित अडकतंय, म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला आहे, हे फक्त ज्याच्या हातात हँडल आहे त्यालाच कळतं. आणि हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे जाऊन टेकतं ते फ्रेमवरचं छोटं बोंड, लॉक स्टॉप म्हणतात त्याला, एका बाजूचं चेपून तुटलेलं आणि वर काळा रंग मारलेला. गाडी जोरात आपटल्याशिवाय ते असं होत नाही असं मेकॅनिक म्हणाला. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टीमचा, लाईटही तसाच, चावी फिरवली की तो लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. माझ्या गाडीत तो कधी लागतच नव्हता, मीटर उघडलं तर आतून त्या जागी काळी टेप. एबीएस बंद होतं आणि ते मला दिसू नये एवढीच सोय केलेली.

म्हणून सांगते, स्वतःला ट्रायल देता येत नसेल तर चालवणारं आपलं कोणीतरी घेऊन जा, आणि तो त्या विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. पोचल्या पोचल्या इंजिनला हात लावून बघा, आधीच गरम असेल तर थंड असताना स्टार्ट व्हायला त्रास देते ते लपवलेलं असू शकतं. त्या मॉडेलची सीटची उंची कंपनीच्या माहितीत बघून ठेवा आणि तिथे टेपने मोजा, माणूस बसलेला नसताना, दोन मिनिटांचं काम आहे. स्टँडवर गाडी फारच सरळ उभी दिसली तर लगेच विचारा. टायरवर DOT लिहिलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष, २३१६ असेल तर २०१६ चा तेविसावा आठवडा, वर कितीही चकचकीत पॉलिश असू दे. चेसिस नंबर कागदाशी स्वतः जुळवा, त्याने वाचून दाखवला आणि तुम्ही मान हलवली असं नको. आणि दोन्ही पाय पूर्ण टेकलेच पाहिजेत असंही नसतं, दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले तरी गाडी सांभाळता येते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर त्याचा तो डाव चाललाच नसता.

परत गेले तेव्हा त्याने पावती पुढे केली, त्यावर बारीक अक्षरात "जशी आहे तशी" लिहिलेलं. पण गाडीत केलेले बदल लपवून, खोटं सांगून विकणं हे त्या तीन शब्दांत बसत नाही असं माझं ठाम मत आहे आणि मी तक्रार केलेली आहे. पॉवर कमी केलीय हे त्याने मला मेसेजवर लिहून पाठवलं होतं, तो मेसेज आहे, लॉक स्टॉपचे आणि टेपचे फोटो आहेत, मेकॅनिकने सहीनिशी लिहून दिलंय. त्या दोन पट्ट्या आणि कापलेला फोम मी टाकून दिलेला नाही, तुमच्याही गाडीतून असं काही निघालं तर मेकॅनिकला भंगारात टाकू देऊ नका, बिलासकट घरी घेऊन या.